काळी पाचची गाडी

अकोल्यात जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस दलालाला काय विचारणार? किती चालली, लिटरला किती देते, आणि शेवटचं बोला. मायाबाई इंगळे यांनी यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "धूर किती सोडते?"

दलाल जरा गडबडला. "मावशी, डिझेलची गाडी हाय. धूर तं सोडनच."

"मंग नाई पायजे. पेट्रोलची दाखव. मागं सामानाले डाला पायजे, ट्रॉली ओढली पायजे, आन चारही चाकाले जोर लागला पायजे. आमाले चिखलातून, रेतीतून जा लागते."

दलालाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या नवऱ्याकडे. नवरा, म्हणजे देवमन, पलीकडे कुणीतरी चालू करून ठेवलेल्या गाडीचं इंजिन डोळे मिटून ऐकत उभे होते. दलाल म्हणाला, "मावशी, तुमी गाडी पाहून राहिल्या का जावई?"

मायाबाईंना हसू आलं, पण एकही अट त्यांनी सोडली नाही. गाडी हवी होती आणि ती एप्रिलच्या आत हवी होती. नाहीतर पार्टी बंद.

पार्टी म्हणजे राजकारणातली नव्हे. 'मायाबाई इंगळे आणि पार्टी' हे अकोल्याच्या अकोट फैलातलं एक गाणारं बिऱ्हाड. मायाबाई भीमगीतं गाणार, देवमन ढोलक वाजवणार, आणि मायाबाईंचा भाचा धर्मेंद्र पेटी वाजवता वाजवता मागून कोरस देणार. बाबासाहेबांची जयंती चौदा एप्रिलला सुरू होऊन त्याच रात्री संपते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा वऱ्हाडात येऊन जावं. इथे ती पार मे महिन्यापर्यंत गावोगाव चालते. सगळ्या गावांना एकाच दिवशी गाणारी पार्टी कुठून मिळणार? मग हे गाव आज, ते गाव परवा, अशा तारखा लागतात आणि मायाबाई मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी असं भर उन्हात हिंडत राहतात. बाकीचं वर्षभर त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पण त्यांना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर त्या "गातो" असंच सांगायच्या.

गाणं बापाकडून आलं. बाप खारखेडचा, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावचा. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि दिवस मावळला की विहारासमोर खंजिरी घेऊन बसायचा. लहानगी माया त्याच्या मागे बसे. बापाचा सूर खाली उतरला की त्याच्या पाठीत बोट खुपसायचं, एवढं एकच काम तिला दिलेलं होतं, आणि ते ती फार मनापासून करी. शिक्षण म्हणतात ते एवढंच.

देवमन तेव्हा अकोल्याच्या नगरपालिकेत पाण्याच्या नळांवर फिटर होते. मुलगी पाहायला खारखेडला आले आणि त्यांनी मुलगी पाहिलीच नाही. आत चुलीपाशी ती काहीतरी गुणगुणत होती, तेवढं ऐकून त्यांनी होकार देऊन टाकला. मायाबाईंनीही आतून त्यांची बोटं पाण्याच्या तांब्यावर वाजताना ऐकली होती, म्हणजे फिटंफाट झाली. तेव्हापासून त्या घरात सगळं कानाने निवडतात. चांगला गार वारा देणारा पंखा देवमननी दुकानदाराला परत नेऊन दिला होता, का तर तो लय सोडतो. शिट्टी बेसूर म्हणून मायाबाईंनी नवा कुकर शेजारणीला देऊन टाकला. शेजारणीच्या घरी त्या कुकरात आजही उत्तम डाळ शिजते.

अशा माणसांनी जुनी गाडी घ्यायला निघावं, हेच मुळात धाडस होतं.

इतकी वर्षं पार्टी भाड्याच्या एका डिझेल टेम्पोतून फिरत होती. देवमननी निवृत्त झाल्यावर वेल्डरकडून एक ट्रॉली बनवून घेतली होती. तिचे बाजूचे फाळके खाली पाडले की जागच्या जागी स्टेज तयार. टेम्पो ती ट्रॉली ओढायचा आणि मायाबाई टेम्पोच्या मागच्या भागात, सामानाशेजारी बसायच्या. त्या टेम्पोने जेवढा धूर बाहेर सोडला त्याच्या अर्धा मायाबाईंच्या गळ्यात सोडला असेल. आवाज बसायला लागला. अमरावतीच्या घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, धूळ आणि धूर टाळा, नाहीतर गाणं विसरा.

मायाबाईंनी यावर पुष्कळ विचार केला. एप्रिल महिन्यात वऱ्हाडात धूळ टाळायची तर घर सोडून समुद्रावर जाऊन राहावं लागेल. पण धूर टाळता येण्यासारखा होता. म्हणून पेट्रोल.

या विचाराला घरातल्या एकाच माणसाचा विरोध होता, आणि तो त्यांचा मुलगा सुगत. सुगत अमरावतीला पाटबंधारे खात्यात नोकरीला. शांत, नेमस्त, गाण्याच्या वाटेला कधी न गेलेला. लहानपणी त्याच्या हातात खंजिरी दिली तेव्हा त्याने ती पालथी घालून तिच्यात मुरमुरे खाल्ले होते. मागल्या वर्षी दर्यापूर रस्त्यावर भर दुपारी टेम्पो बंद पडला, सावली कुठेच नव्हती, आणि मायाबाई चक्कर येऊन रस्त्यावर कोसळल्या. सुगत दवाखान्यात पोचला तेव्हा त्यांना सलाइन लावलेलं होतं. ते दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं.

"आई, पुरे कर आता," तो म्हणाला. "तुह्या आवाजापेक्षा तू मले जास्त पायजे."

"आवाजाबिगर मले घेऊन का करशीन?" मायाबाई म्हणाल्या.

दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटेना. शेवटी सुगतनेच मार्ग काढला. "ठीक हाय. गाडी मी पाहीन, मीच चालवीन, सुट्ट्या टाकीन. पन गाडी एकदा जरी रस्त्यात अडकून पडली, तं त्या दिवशी पार्टी बंद. मंग मले काई सांगू नोको."

"बरं," मायाबाई म्हणाल्या. 

अकोल्यात गाडी मिळाली नाही. अमरावतीतही नाही. नांदगाव पेठेच्या एका गॅरेजवाल्याने तर पेट्रोलची पिकअप हे ऐकूनच चहा मागवला, म्हणाला बसा, निवांत सांगा. शेवटी धर्मेंद्रला मोबाइलवर वरूडची एक जाहिरात सापडली. पेट्रोल, चारही चाकं ओढणारी, मागे उघडा डाला, ट्रॉलीसाठी हूक. दुसऱ्या रविवारी चौघंही वरूडला हजर.

गाडीचे मालक पुंजारामभाऊ संत्र्याचे बागायतदार. मूळची ती फौजेच्या लिलावातली. त्यांनी तिच्यामागे फवारणीचं यंत्र जोडून बागेत फिरवली आणि दिवाळीनंतर सगळं घर तिच्यात घालून पचमढीलाही नेलं. आता मुलांनी मोठी डिझेल गाडी आणली होती. ही संत्र्याच्या क्रेटांशेजारी उभी होती, हिरव्या रंगाची, दिसायला जरा गरीब.

सुगत पुरा अभ्यास करून आला होता. महिनाभर त्याने मोबाइलवर हेच पाहिलं होतं. आधी त्याने बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण काही लोक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतात आणि सकाळचा खोकला लपवतात. मग पायमोज्यात घातलेलं लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मग टॉर्च घेऊन गाडीखाली गेला आणि चॅसिसला गंज कुठे आहे ते पाहिलं. टायर, बॅटरी, चॅसिसवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा, सगळं झालं. पुंजारामभाऊ कौतुकाने पाहत होते.

"पोरगा चांगला हाय," ते देवमनना म्हणाले. "डाक्टर हाय का?"

"पाटबंधारे," देवमन म्हणाले.

गाडी चालू केली. देवमननी लगेच डोळे मिटले आणि बोटं मांडीवर आली. "चारही सिलिंडर सारखे बोलून राहिले," ते म्हणाले. "केरवा हाय."

सुगत मागे जाऊन धूर पाहून परत स्टिअरिंगवर येऊन बसला, धूर जवळपास नव्हताच. आता फक्त एकच गोष्ट पाहायची राहिली होती: पुढची चाकं ओढतात की नाही. पुंजारामभाऊ तेच दाखवायला पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. "हे पाहा, याचं असं हाय," त्यांनी सुरुवात केली.

पण मायाबाई तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या. "सुगत, थोडासा पाय ठेव," त्या म्हणाल्या. सुगतने ॲक्सिलरेटर हलका दाबला. इंजिनाचा गुणगुणाट चढला. "अजून थोडा. अजून. आता हालवू नोको."

आणि त्यांनी आ लावला. इंजिनाचा आवाज आणि त्यांचा आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठे काय संपतं ते कळेना. धर्मेंद्रने खिशातून मोबाइल काढला, त्यातला तंबोरा लावून पाहिला आणि डोळे मोठे केले. "आत्या, काळी पाच हाय."

काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. मायाबाईंचा सा तिथला. त्यापेक्षा खाली गायल्या तर गळ्याला गंमत वाटत नाही आणि वर गेल्या तर डॉक्टर आठवतात. आयुष्यभर तोच सूर घेऊन त्या वावरल्या, आणि आता तो वरूडला, एका हिरव्या गाडीच्या पोटात निघाला. त्यांना राहवेना. बापाच्या वेळचं एक गाणं त्यांनी मुखड्यापासून धरलं आणि अंतऱ्यापर्यंत नेलं. बागेत संत्री निवडत बसलेल्या बायांचे हात थांबले. पुंजारामभाऊ चाकापाशी उकिडवे बसले ते तसेच. सुगतचा पाय ॲक्सिलरेटरवर जिथे होता तिथेच होता, कारण आईने हलवू नको म्हटलं होतं.

गाणं संपल्यावर पुंजारामभाऊ गुडघ्यांवर हात देऊन उठले. आपण खाली कशासाठी बसलो होतो ते त्यांना आठवलं नाही, आणि आठवण करून द्यायचं कुणाला सुचलं नाही. "बाई, गाडी तुमचीच हाय," ते म्हणाले. सौदा चहाच्या आत झाला. पुंजारामभाऊंनी डाल्यात एक क्रेट संत्रीही टाकली.

परतताना मायाबाई पुढे बसल्या. मागे डिझेल नव्हतं, धूर नव्हता, खिडकीतून संत्र्याच्या आंबिया बहाराचा वास येत होता. मोर्शी येईपर्यंत त्या एकट्याच गुणगुणत होत्या. फार दिवसांनी त्यांना कशाचीच धास्ती वाटत नव्हती.

एप्रिल उजाडला. सुरुवातीची गावं डांबरी रस्त्यावरची होती. ट्रॉली जोडून गाडी निमूटपणे चालली, सुगत निमूटपणे चालवत राहिला. कार्यक्रम सुरू झाला की तो गाडीत बसून ऑफिसच्या फायली मोबाइलवर पाहायचा. आईचं गाणं त्याच्या कानांवर घरातल्या नळासारखं लहानपणापासूनच पडत आलेलं होतं, मुद्दाम ऐकायला बसावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग खारखेडची तारीख आली.

खारखेड हे मायाबाईंचं माहेर, आणि लग्नानंतर तिथे त्या एकदाही स्टेजवर गायल्या नव्हत्या. बोलावणं दरवर्षी यायचं. त्यांची बालमैत्रीण लीलाबाई तिथल्या जयंती मंडळाची अध्यक्ष होती आणि ती फोनवर दरवर्षी रुसायची. पण मुख्य रस्त्यापासून गावापर्यंत पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट होती, आणि टेम्पोवाला त्या पांदणीत टेम्पो घालायला साफ नकार द्यायचा. चारही चाकांची गाडी मायाबाईंना हवी होती ती खरं म्हणजे या एका गावासाठी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. देवमनना माहीत होतं, पण त्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

त्या दुपारी अवकाळी आला. एवढा की मुख्य रस्त्यावर पुढचं दिसेना. सुगत म्हणाला, "आई, आज राहू दे का?"

"लीला वाट पाहून राहिली माही," मायाबाई म्हणाल्या. "आन गाडी कायच्यासाठी घेतली आपन?"

पाऊस उघडल्यावर गाडी पांदणीला लागली. खारपाणपट्ट्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पडते, आणि भिजली की जे हाताला लागेल ते धरून ठेवते. थोडं अंतर बरं गेलं. मग ट्रॉली एका बाजूला बसली आणि गाडी थांबली. सुगतने घाबरून न जाता चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला, पाय दाबला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, काळा चिखल धर्मेंद्रच्या शर्टावर उडाला. पुढची चाकं नुसती उभी होती, लग्नात रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखी.

"पुढचे चाकं फिरूनच नाई राहिले," सुगत खाली उतरून म्हणाला. "फसवलं आपल्याले."

ट्रॉली हलकी करावी म्हणून सगळ्यांनी सामान खाली काढायला घेतलं. तेवढ्यात पाऊस पुन्हा आला. ताडपत्री वाऱ्याने उचलली आणि पेटी उघडी पडली. धर्मेंद्र ती वाचवायला धावला, घसरला, पालथा पडला, आणि त्याच्या खिशातल्या मोबाइलने चिखलात समाधी घेतली. पेटी उचलली तेव्हा तिच्या भात्यातून पाणी गळत होतं. पट्ट्या दाबल्या तर नुसता श्वास यायचा, सूर नाही.

सुगतने गाडी बंद केली. तो आईकडे पाहत नव्हता. अट कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मायाबाई गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. समोर, बाभळींच्या पलीकडे, विहारावरचा निळा झेंडा दिसत होता. एवढ्या जवळ येऊन आपलं गाणं इथेच संपणार, या विचाराने त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते पदराने पुसलं, आणि मग त्यांना संताप आला.

"लाव त्या पुंजारामभाऊले फोन," त्या म्हणाल्या. रेंजची एकच कांडी होती, पण फोन लागला. "भाऊ, आमी तुमच्यावर इस्वास ठेवला. तुमच्या गाडीचे पुढचे चाकं फिरूनच नाई राहिले. आमी चिखलात फसलो."

 "बाई," पुंजारामभाऊ म्हणाले, "चाकाच्या मधातली चकती फिरवली का?"

"कोनती चकती?"

"पुढच्या दोन्ही चाकाच्या मधात हाताएवढी गोल चकती हाय ना. ते हातानं फिरवा लागते. तवा पुढच्या चाकाले जोर लागते. नुसता आतला दांडा ओढून का होते?"

"हे तुमी काहून नाई सांगतलं?"

"सांगतच होतो ना. चाकापाशी बसलो होतो. तुमी सूर लावला," पुंजारामभाऊ म्हणाले. "मंग मी का बोलू?"

मायाबाईंनी फोन कानापासून खाली घेतला आणि सुगतकडे पाहिलं. सुगत चिखलात गुडघे टेकून पुढच्या चाकाचा मधला भाग हाताने पुसत होता. गाळाखाली खरोखर एक चकती होती. त्याने ती फिरवली. कट् असा आवाज आला. दुसऱ्या बाजूचीही फिरवली. चुंबक, टॉर्च, महिनाभराचा अभ्यास, आणि पाहायची ती एक गोष्ट राहून गेली होती, कारण सगळे गाणं ऐकत होते. तो स्वतःसुद्धा.

एव्हाना गावाकडून पोत्यांचे घोंगते डोक्यावर घेतलेली माणसं येताना दिसली. सगळ्यांत पुढे लीलाबाई. "माये, आलीस का तू?" ती दुरूनच म्हणाली, जणू मधली वर्षं माया नुसती बाजारात गेली होती. माणसांनी ट्रॉलीला खांदे लावले, सुगतने दांडा ओढला, आणि पुढची चाकं फिरली. गाडी आधी कण्हली, मग ट्रॉलीसकट चिखलातून उठून चालू लागली. मागे माणसं हसत, घसरत धावत होती.

विहारासमोर ट्रॉलीचे फाळके पाडले, स्टेज झालं. पाऊस थांबला होता आणि लाइट गेली नव्हती, हे दोन्ही नवलच. माणसं ओल्या जमिनीवर पोती अंथरून बसली. लीलाबाईने मायाबाईंना आपलं कोरडं लुगडं नेसायला दिलं. देवमननी ढोलक कोरडं करून दोऱ्या ताणल्या. फक्त पेटी नव्हती. तंबोरा होता तो मोबाइल चिखलात गेला होता, आणि बाकीच्यांच्या मोबाइलला खारखेडात रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर.

मायाबाईंनी तसंच गाऊन पाहिलं. पण दिवसभराच्या पावसाने आणि रडण्याने गळा थकलेला होता. दोन ओळींत सूर खाली घसरला. त्या थांबल्या. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. लोक चांगले होते, कुणी काही बोललं नाही, आणि त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं. बाप इथेच बसायचा. त्याचा सूर उतरला की बोट खुपसायला माया होती. मायेच्या पाठीमागे आज कुणी नव्हतं.

तेवढ्यात गाडी चालू झाली.

ट्रॉली गाडीला जोडलेलीच होती, त्यामुळे इंजिन स्टेजपासून फार लांब नव्हतं. सुगत गाडीत बसला होता. इंजिनाचा आवाज हळूहळू चढला, जरा जास्त झाला, खाली आला, पुन्हा थोडा वर गेला आणि एका जागी ठरला. धर्मेंद्रला आधी कळलं. त्याने पेटीसमोरचा माइक उचलला, लांब वायर ओढत गाडीपाशी नेला आणि बॉनेट उघडून आत टेकवला. भोंग्यातून एक सलग, गोल गुंजन बाहेर पडलं.

काळी पाच.

मायाबाईंनी डोळे मिटले आणि आ लावला. या वेळी तो घसरला नाही. देवमनची थाप पडली. मग त्या गायल्या. बापाची गाणी, स्वतःची गाणी, लीलाबाई सांगेल ती गाणी. बाया कोरस द्यायला लागल्या. मधूनमधून त्या गाडीकडे पाहायच्या. आत सुगत दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढे काढून बसलेला दिसायचा. मोबाइल बाजूला पडला होता. तो ऐकत होता. पाय जरा हलला तर आईचा सूर हलेल म्हणून ऐकत होता.

कार्यक्रम संपला, लोक पांगले, लीलाबाई भाकरी टाकायला गेली. सुगत गाडीतून उतरला आणि एक पाय धरून ट्रॉलीच्या कडेला बसला. पायात गोळे आले होते. मायाबाई त्याच्या शेजारी बसल्या. दिवसभर जे टाळलं ते आता बोलावं लागणार होतं.

"ते अट," त्या म्हणाल्या. "ध्यानात हाय माह्या."

सुगतने पोटरी चोळली. "गाडी अडकली नाई. आपनच चकती फिरवली नाई."

मायाबाईंनी त्याचा हात बाजूला सारला आणि पोटरी स्वतः चोळायला घेतली. 

"परवा कुठी हाय कार्यक्रम?" सुगतने विचारलं.

"अंजनगावले."

"मंग उद्या पेट्रोल भरून ठेवा लागन."

पलीकडे धर्मेंद्र पेटीचा भाता उघडून आत फडकं फिरवत होता. "आत्या, हे परवापर्यंत काई सुधरत नाई," तो म्हणाला. "पेटीबिगर कसं होईन?"

"नाई सुधरली तं राहू दे," सुगत म्हणाला. "मी हाय ना."